लेटरबॉक्स, नळ, दार, पंखा : आमच्या मिस्त्रीकाकांचा रिव्ह्यू (गुहागर साइड)

आमच्याकडे मोठ्या कामाला माणसं पैशाला पासरी. स्लॅब टाकायचाय म्हणा, होमस्टेसाठी दोन खोल्या काढायच्यात म्हणा, संध्याकाळपर्यंत तीन कॉन्ट्रॅक्टर टेप घेऊन अंगणात हजर. पण नळ गळतोय, मागचं दार घासतंय, फाटकावरचा लेटरबॉक्स एका स्क्रूवर लोंबकळतोय, असल्या कामाला फोन करून बघा. "बघतो वहिनी", "या आठवड्यात येतोच", "आता आंब्याचं चाललंय ना", मग पाऊस, मग गणपती, मग भातकापणी, झालं वर्ष. मुंबईची नणंद म्हणते ॲपवरून बुक कर, अर्ध्या तासात येतात. आमचा पिनकोड टाकला की ते ॲप म्हणतं तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही, विषय संपला.

म्हणून हे लिहितेय, वेळणेश्वर-हेदवी पट्ट्यातल्या लोकांसाठी आणि मुंबई-पुण्यात राहून इथलं बंद घर सांभाळणाऱ्यांसाठी. गेल्या वर्षीपासून आम्ही एक काका बोलावतो, साठीच्या आसपासचे, सुतारकाम, नळ, पंखे, कड्या-कोयंडे, सगळं थोडंथोडं येतं. नाव-नंबर इथे देत नाही कारण त्यांनीच सांगितलंय, "नेटवर घालू नका वहिनी, मंग मला जेवायला वेळ नाय मिळायचा." शृंगारतळीत हार्डवेअरच्या दुकानात "एन्रॉनवाले काका" एवढं विचारा, पोचाल. एन्रॉनवाले कारण अंजनवेलचा एन्रॉन कंपनीचा वीज प्रकल्प उभा राहत होता तेव्हा ते तिथे फिटरच्या हाताखाली होते. 2001 ला तो बंद पडला, पुढे दुसऱ्या नावाने सुरू झाला, ती सगळी रामकहाणी इथल्या माणसाला सांगायला नको. काकांनी मात्र तिथे जे शिकले त्याच्यावर गावात कामं धरली ती आजपर्यंत. घरचं सुतारकाम वडिलांकडून आलेलं, लोखंडाचं कंपनीतून, आणि या दोन्हीचा उपयोग कसा होतो ते आमच्या लेटरबॉक्सवर मी डोळ्यांनी बघितलं.

लेटरबॉक्सचं आधी, कारण त्यांना बोलावलं ते त्याच्यासाठीच. आता पत्रं कुठे येतात असं आमच्या मुलीनेही विचारलं. पत्रं नाही येत गं बाई, पण कागद येतात. सासूबाईंच्या पेन्शनचा कागद, बँकेची पाकिटं, एलआयसीची नोटीस, घरपट्टीचं बिल, तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस (ही चुकली तर काय होतं ते सामाईक जमीनवाल्यांना विचारा), शिवाय आमच्या ह्यांची दोन मासिकं. स्पीड पोस्ट सही घेऊन हातात देतात, घर बंद असलं तर चिठ्ठी ठेवतात की पोस्टात येऊन घेऊन जा. साध्या टपालाला ना सही ना काही. आमचे डाकसेवक भला माणूस, पण आमचं कुत्रं त्यांना इतक्या वर्षांत ओळखायला तयार नाही, त्यामुळे ते बिचारे पाकीट फाटकाच्या गजांत खोचून निघतात. आणि जुलैमध्ये गजांत खोचलेल्या पाकिटाचं काय होतं? रत्नागिरी जिल्हा आहे हा, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, पाकीट उघडायचं नसतं, पिळायचं असतं.

याआधी दोन डबे झाले होते. पहिला ऑनलाइन मागवलेला, पत्र्याचा, पावडर कोटिंगवाला, खोक्यावर मोठ्या अक्षरात वेदरप्रूफ. कोणाच्या वेदरला प्रूफ ते लिहिलेलं नव्हतं. श्रावणात रंगाला फोड आले, दिवाळीला तळ गळून पडला. दुसरा ह्यांनी चिपळूणहून आणला, स्टेनलेस स्टीलचा, दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, बघा साहेब चिकटत नाही, ओरिजिनल माल. त्याच्यावरही एका पावसात चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ, आणि बिजागरीची सळई अशी धरली की दार उघडायला स्क्रूड्रायव्हर लागायचा.

काकांनी दोन्ही डबे हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि पत्र्याच्या डब्याच्या कडेवरून नख फिरवलं, कोटिंगची पापडीच्या पापडी निघून आली, खाली नुसता लाल भुगा. म्हणाले पत्रा जिथे कापलेला असतो ना, स्लॉटची कड, स्क्रूची भोकं, तिथे रंग पातळ बसतो, खारं वारं तिथून शिरतं आणि रंगाच्या खालून चालत राहतं, वरून तुम्हाला नवाकोरा दिसतो. स्टीलच्या डब्याचं तर त्यांना हसूच आलं. "चुंबकाला 202 पण चिकटत नाय नि 304 पण चिकटत नाय, मंग चुंबकाने कळणार काय?" हे स्टेनलेस स्टीलच्या ग्रेडचे नंबर. 202 म्हणजे स्वस्तातलं, निकेल कमी घालून मँगनीज वाढवलेलं, घाटावर चालून जातं, समुद्राकाठी नाही. 304 बरं, पण लाटांच्या तुषारात त्यालाही डाग पडतात. खरं टिकतं ते 316, त्यात मोलिब्डेनम असतं, कंपनीत तेच वापरायचे, पण त्याचा लेटरबॉक्स करायचा म्हटलं तर त्या पैशात नवीन फाटक येईल म्हणाले. मग करायचं काय? तर माळ्यावर काय लाकूड पडलंय ते दाखवा.

माळ्यावर जुन्या खिडक्यांची सागवानी दारं होती, सासरे असताना काढून ठेवलेली. काकांनी एकेक फळी पटाशीच्या मुठीने ठोकून ऐकली, दोन बाजूला टाकल्या (आतून वाळवीने खाल्लेल्या, मला तर वरून काहीच कळलं नसतं), बाकीच्यांवर रंधा मारला, आणि इतक्या वर्षांच्या लाकडाला आतून सागाचा वास आला, सासूबाई ओटीवरून उठून बघायला आल्या.

पण त्याच्या आधी त्यांनी एक केलं ते मला फार आवडलं. स्वतःची मोटारसायकल फाटकाबाहेर नेली, तिच्यावर बसले, इंजिन चालूच, डावा हात लांब केला आणि मला म्हणाले खडूने रेघ मारा इथे. "पोस्टवाला गाडीवरनं उतरत नाय वहिनी, पावसात तर नायच नाय. पेटी त्याच्या हाताला यायला हवी, तुमच्या नाय." इतके डबे बघितले, विकत घेतले, उंचीचा असा विचार कोणी केलेला मी बघितला नव्हता. आधीचे दोन्ही डबे दक्षिणेला तोंड करून होते, म्हणजे नैऋत्येच्या झडीला या बसा. काकांनी पेटी खांबाच्या पूर्वेच्या अंगाला घेतली, खांबाचाच आडोसा झाला.

खांब आमचा जांभ्याचा. ज्यांनी जांभ्यात रावळ प्लग (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो) मारून बघितलाय त्यांना माहीत असेल, तो धरत नाही. दगड सच्छिद्र, मध्येच मातीचे गाभे, हॅमर ड्रिल लावलं की सहाच्या भोकाचं दहाचं होतं आणि लाल माती गळतच राहते. काकांनी ड्रिलला हातच लावला नाही, छिन्नीने भोकं पाडली, तोंडाशी लहान आणि आत रुंद, त्यात तशाच आकाराच्या लाकडी गुट्ट्या सिमेंट भरून बसवल्या आणि चक्क घरी गेले. आज नाही लावायची पेटी, सिमेंटला झोपू दे म्हणाले. दुसऱ्या दिवशी येतो म्हणून गेलेला माणूस आमच्याकडे परत येणं म्हणजे बातमी आहे, पण आले. दुसऱ्या नाही, तिसऱ्या दिवशी. त्याच्याबद्दल खाली लिहितेच.

स्क्रू पितळेचे, बिजागऱ्या पितळी, कडी पितळी. सागात लोखंडी स्क्रू मारला तर लाकूड भोवताली काळं पडतं आणि स्क्रू गंजून डोकं तुटतं. पण पितळ मऊ, जोर लावला तर स्क्रूची खाचच झिजते, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून आटे पाडायचे, तो काढायचा, मग पितळी स्क्रू साबणावर घासून अलगद फिरवायचा. एवढ्याशा पेटीच्या प्रत्येक स्क्रूला हे दोनदा! मी मध्येच म्हटलं काका राहू दे ना एखादा, तर ऐकू न आल्यासारखं केलं.

छप्पर उतरतं, फळीवर ॲल्युमिनियमचा पत्रा, पण पत्र्याला एकही स्क्रू नाही, चारी कडा दुमडून सिलिकॉनवर बसवलाय, कारण ॲल्युमिनियममध्ये पितळ घुसवलं की खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. छपराची कड स्लॉटच्या पुढे तीन इंच, आणि त्या कडेच्या खालच्या अंगाला करवतीने एक बारीक खाच. पाणी कडेवरून आत वळत वळत येतं ना, ते त्या खाचेपाशी तुटतं आणि खाली पडतं. हे मी पावसात छत्री घेऊन उभी राहून बघितलंय, खरंच तिथेच तुटतं. मागची बाजू खांबापासून अर्धा इंच सोडलेली, मध्ये दोन पट्ट्या, कारण जांभा चार महिने ओलाच असतो आणि चिकटून बसवली तर पेटी पाणी पीत बसेल. तळाला भोकं, त्यावर नायलॉनची जाळी, जाळीवर बोटभर उंचीच्या पट्ट्या, म्हणजे कागद तळाला लागत नाही. जाळी मुख्यतः कुंभारणीसाठी. आधीच्या डब्यात त्या माशीने मातीची इतकी घरटी केली होती की एलआयसीचं पाकीट एकदा भिंतीला चिकटलेलं मिळालं.

स्लॉट दहा इंच रुंद. ए-फोर कागद मावणारं पाकीट साधारण नऊ इंच असतं, ते न दुमडता जातं. मात्र उंची सव्वा इंचच ठेवलीय, जास्त ठेवली तर पाऊस आणि पोरांचे हात दोन्ही आत जातात असं काकांचं म्हणणं, त्यामुळे जाडजूड दिवाळी अंक काही आत गेला नाही, डाकसेवकांनी पिशवीत घालून फाटकाला टांगला. हा एक वजा मार्क.

दुसरा वजा मार्क अक्षराला. काकांनी न सांगता पेटीवर आमचं आडनाव रंगवलं, शेवटची दोन अक्षरं उतारावर निघालीयत. त्याखाली पिनकोड. आता पेटीपर्यंत आलेल्या पत्राला पिनकोड दाखवून काय करायचं? पत्र इथे पोचलंय म्हणजे पिनकोडचं काम झालंय. पण सासूबाईंना कौतुक, कारण पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आणला, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात, आता बोट दाखवायला जागा झाली.

एक अख्खा पावसाळा काढलाय पेटीने. आतले कागद सर्दावतात, ते घरातलेही सर्दावतात, पण भिजलेला एकही नाही. पितळ हिरवट पडलंय, घट्ट आहे. कुलूप एकदा अडकलं, काकांनी फोनवरच सांगितलं तेल नका घालू, धूळ धरतं, पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड चावीला लावा. लावली, चाललं.

बाकीची कामं भराभर सांगते. न्हाणीघरातला नळ गळत होता, आधीच्या प्लंबरने (कुठला ते जाऊ दे) अख्खा नळ बदलायला सांगितला होता, साडेआठशेचा. काकांनी मेन बंद करून स्पिंडल काढलं, खालचा वायसर (रबरी चकती) चपटा झालेला, दहा रुपयांचा नवीन घातला, संपलं. किचनमधला अर्ध्या आट्याचा नळ मात्र तसा नाही, त्यात वायसर नसतो, आत सिरॅमिकच्या चकत्या असतात, ते पूर्ण काट्रिजच बदलावं लागतं, ते बदललं. फाटकाची बिजागरी घासून रेड ऑक्साइड मारून ग्रीस भरलं. हॉलमधला पंखा वारा कमी आणि आवाज जास्त देत होता, कॅपॅसिटर बदलला, अडीच मायक्रोफॅरॅडचा, आता उडतोय. जुना कॅपॅसिटर, जुना वायसर, जुनं काट्रिज सगळं माझ्या हातात दिलं, बघा हे गेलेलं होतं म्हणून. एवढी एक गोष्ट सगळ्या मिस्त्रींनी केली तर निम्मी भांडणं मिटतील.

पण मला काकांचं खरं पटलं ते त्यांनी जी कामं केली नाहीत त्याच्यामुळे. मागचं दार फणसाचं आहे, जुलैमध्ये इतकं फुगलं की खांदा लावल्याशिवाय लागेना. मी म्हटलं काका रंधा मारा खालून. नाही म्हणाले. लाकूड पाणी पिऊन रुंदीला फुगलंय, आता तासलं तर दिवाळीनंतर सुकून आखडेल आणि बोट जाईल एवढी फट पडेल, त्या फटीतून पुढच्या पावसात साप आत येईल मग मला शिव्या घालाल. तात्पुरतं काय, तर कडेला मेणबत्ती घासून दिली आणि वरची बिजागरी सैल झाली होती ती कसली, दार जरा उचललं गेलं. उरलेलं जानेवारीत बघू, लाकूड सुकल्यावर जिथे घासल्याची खूण असेल तिथेच तासायचं, आणि वरची नि खालची उघडी कड रंगवून बंद करायची कारण लाकूड पाणी पितं ते तिथून. जानेवारीत आले आणि तासायला लागलंच नाही फारसं, दोन हात मारले. दुसरा कोणी असता तर जुलैमध्येच दोनशे घेऊन तासून गेला असता, आणि मीच त्याला चहा पाजला असता.

तसंच विजेचं. पाऊस लागला की आमचा ईएलसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा मेन बोर्डावरचा स्विच) ट्रिप व्हायचा. आमच्या ह्यांचा आग्रह, काका तो बायपास करा ना, फ्रिजमधली मासळी खराब होते. काकांनी सरळ हात जोडले. गळती कुठेतरी आहे म्हणून तो पडतोय, 30 मिलिअँपिअर गळले की पडायलाच हवा, त्यासाठीच बसवलाय, मेन बोर्डाला मी हात लावणार नाय, लायसनवाला वायरमन बोलवा. वायरमन आला, परसातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी जात होतं. पंख्याचा कॅपॅसिटर आणि मेन बोर्ड यातली रेघ स्वतःची स्वतः ओळखणारा माणूस मला तरी कमी भेटलाय, बहुतेक जण "होऊन जाईल" म्हणतात आणि ते होतं.

कौलं पण आता ते करत नाहीत. वानरांनी पडवीवरची मंगलोरी कौलं फोडली होती (ज्यांच्याकडे आंबा-फणस आहे त्यांना वानरांचं वेगळं सांगत नाही), तर काका शिडीवर चढले, बघितलं, खाली उतरले, गुडघ्यावर हात मारून म्हणाले वय झालं. भाच्याला पाठवलं. भाच्याचं काम ठीक, काकांच्या तोडीचं नाही, एका ठिकाणी रिपेवर कौल नीट बसलं नव्हतं, थेंब यायला लागला, परत बोलावल्यावर येऊन करून गेला, पैसे नाही घेतले.

आता तक्रारी. वेळ. काकांचा "सकाळी" हा सात ते दीडच्या मधला कुठलाही क्षण असू शकतो. येणार म्हणून मी घरी थांबले आणि ते आलेच नाहीत असंही झालंय, फोन लागेना, संध्याकाळी कळलं की धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेले, दापोलीकडे कोणाचं तरी अर्जंट निघालं. कळवायचं तरी, तर "रेंज नव्हती". फेरीबोटीत रेंज नसते हे मान्य, पण जेटीवर असते. या गोष्टीचा मला खरंच राग येतो आणि त्यांना तसं सांगूनही झालंय, फरक पडलेला नाही. नोकरीवाल्यांना हे जमणार नाही, घरी कोणीतरी असायला पाहिजे.

दुसरं, बोलतात फार. कंपनीतले किस्से, कोणाच्या घरात काय चाललंय, कोणत्या चाकरमान्याने किती पैसे बुडवले. काम हाताने चालूच असतं म्हणून चालवून घ्यायचं, पण आपल्या घरचंही पुढच्या घरी जात असणार हे धरून चाला. तिसरं, भुसा, चुरा, तारांचे तुकडे तिथेच. झाडू आपणच मारायचा. एकदा अंगणात राहिलेला स्क्रू ह्यांच्या स्कूटरच्या टायरमध्ये मिळाला.

पैशाचं. आम्हाला अर्ध्या दिवसाचे सहाशे, पूर्ण दिवसाचे अकराशे लावले, सामान वेगळं. वायसर बदलायला या म्हटलं तरी अर्धा दिवसच धरतात. आधी मला हे महाग वाटलं होतं, दहा रुपयांच्या वायसरला सहाशे? पण त्यांना आमच्याकडे यायला-जायला पेट्रोल, वेळ, आणि त्या दिवशी दुसरं मोठं काम सोडावं लागतं, म्हणून तर छोट्या कामाला कोणी येत नाही. त्यावर माझा उपाय असा की फ्रिजवर कागद चिकटवलाय, जे बिघडेल ते लिहायचं, आणि यादी हाताएवढी झाली की फोन. अर्ध्या दिवसात नळ, पंखा, दोन कड्या आणि फाटक एवढं उरकलं तेव्हा सहाशे काहीच वाटले नाहीत. लेटरबॉक्सला मजुरी दोन दिवसांची गेली, पितळी सामान, पत्रा, सिलिकॉन मिळून साडेसातशेच्या आसपास, लाकूड घरचं. म्हणजे एकूण जवळजवळ तीन हजार! बाजारात पत्र्याचा डबा पाचशेला मिळतो हे मला माहीत आहे, कोणी सांगू नका, दोन आणून झालेत. ज्यांच्याकडे जुनं लाकूड नाही त्यांना सागाचा भाव बघता हे परवडणार नाही, त्यांनी काकांना विचारावं, एकाकडे त्यांनी जाड पीव्हीसी शीटची पेटी करून दिलीय, दिसायला अगदीच पाण्याची टाकी, पण भिजत नाही म्हणे.

बिल मिळत नाही. सामानाची दुकानाची पावती देतात, मजुरी रोख किंवा नातवाच्या नंबरवर जीपे. ॲडव्हान्स कधी मागितला नाही. सामान शक्यतो त्यांनाच आणू द्या, आपण आणलं तर "ह्ये कशाला आणलंत" ऐकावं लागतं आणि परत शृंगारतळीला जावं लागतं. आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर बरोबर माप घेऊन येतात, पण फोटोत शेजारी एखादा रुपयाचा कॉइन किंवा काडेपेटी ठेवा, नाहीतर फोटो बघून "केवढा हाय तो" असा उलट प्रश्न येतो.

बंद घरवाल्यांसाठी वेगळं लिहिते. चावी शेजाऱ्यांकडे ठेवून काकांना एकटं सोडायला हरकत नाही, माणूस विश्वासाचा आहे, आमच्या वाडीतल्या दोन घरांच्या चाव्या त्यांच्याकडेच असतात. पण काम काय करायचं ते लिहून द्या, कारण डोळ्याला जे बिघडलेलं दिसेल ते ते दुरुस्त करून ठेवतात. एका मुंबईवाल्यांनी फक्त कडी लावायला सांगितली होती, मे महिन्यात आले तर कडी, नळ, झोपाळ्याची कडी आणि तुळशीवृंदावनाचा निघालेला चिरा, सगळं झालेलं आणि हिशोब तयार. काम चोख होतं म्हणून भांडता पण येईना. आणि लेटरबॉक्स बंद घराला तर हवाच, फाटकाला महिनोन्महिने लोंबकळणारी पाकिटं म्हणजे घरात कोणी नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणंच झालं.

बोलवायचं कधी? मार्च ते मे नाही, तेव्हा निम्मा तालुका आंब्याच्या मागे आणि काकांची स्वतःची पण कलमं आहेत. शिमग्यात पालखी गावात असेपर्यंत विचारूच नका. गणपतीच्या आधीचा महिना तर सगळ्या चाकरमान्यांचे फोन, रंग, दारं, माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीच्या) हुकापासून दिव्यांच्या माळांपर्यंत. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत मोकळे असतात, लाकडाची कामं तेव्हाच काढा, हवा कोरडी असते. पावसाळ्यात फक्त नळ आणि पंखे.

फोन रात्री आठनंतर करा, दिवसा त्यांचा फोन गाडीच्या डिकीत असतो. मिस्ड कॉल देऊ नका, ते उलट फोन करत नाहीत.